बर्ड्सव्हिलला जाऊन आलेला माणूस

अ‍ॅडलेड
२ फेब्रुवारी १९८६

प्रिय डल्सी,

नाताळचं कार्ड सोडून माझं पत्र आलेलं पाहून कुणी गेलं की काय असं तुला वाटेल. सगळे ठणठणीत आहेत. डिसेंबरात मी शाळेतून निवृत्त झालो. चौतीस वर्षं भूगोल शिकवला. आणि गेल्या महिन्यात एक कँपरव्हॅन घेतली. जुनी आहे, पण आत दोघांना झोपायला जागा आहे, गॅसची शेगडी आहे आणि बेरिलने पडदे शिवले आहेत.

मे महिन्यात, उन्हं उतरली की, आम्ही दोघं मारीहून तुमच्या रस्त्याने बर्ड्सव्हिलला जायचं म्हणतो आहोत. पाचशे वीस किलोमीटर कच्चा रस्ता, आणि तुझं रोडहाउस त्याच्या साधारण मध्यावर. तेव्हा तयारीच्या दृष्टीने सोबत काही प्रश्न जोडले आहेत. एकशे बारा आहेत. घाबरू नकोस, चौऱ्याहत्तरच्या पुढचे सगळे टायरांबद्दलच आहेत.

आता एक नाजूक बाब. एकोणपन्नास साली मी मारीला मामामामींकडे आलो होतो, डाकेच्या ट्रकमधून बर्ड्सव्हिलला जाण्यासाठी, हे तुला आठवत असेल. पुढे काय झालं तेही आठवत असेल. बेरिलला मी ते जरा वेगळं सांगितलं आहे. म्हणजे, मी गेलो, असं सांगितलं आहे. पन्नास सालच्या चर्चच्या नाचात तिची माझी ओळख झाली, तिने विचारलं, तुम्ही कुठे कुठे फिरलात, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. तरुणपणी माणूस बोलून जातो आणि मग त्यावर संसार उभा राहतो. दुरुस्ती करायला योग्य वेळ मिळाली नाही.

तेव्हा आम्ही आलो की तो विषय निघू नये एवढं बघ. सेसलाही सांग.

तुझा आतेभाऊ
मर्विन ट्रेलोर

ता. क. प्रश्न एकोणीसचं उत्तर शक्यतो लिटरमध्ये द्यावं.


टू टँक्स रोडहाउस
बर्ड्सव्हिल रस्ता
२१ फेब्रुवारी

मर्विन,

उद्या शनिवार, डाकेचं विमान येईल, म्हणून आजच लिहून टाकते.

तुझे प्रश्न सेसने चहा पिता पिता मोठ्याने वाचून दाखवले. लग्नाला तीस वर्षं झाली, नवरा एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

पाणी: वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. जादा टायर: दोन. पाऊस आला तर असाल तिथे थांबा, गाडी सोडून चालत निघू नका. प्रश्न त्रेसष्ट, साप गाडीत शिरला तर काय करावं: तुम्ही बाहेर या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं वाटेत आपोआप मिळतात. जायचं की नाही हा प्रश्न तू लिहिलेला नाहीस, पण मला तर सगळ्या यादीत तोच दिसला.

एकोणपन्नास साल मला चांगलं आठवतं. डब्यातले पीच खाऊन तुझं पोट बिघडलं आणि सोळा दिवस तू आईच्या व्हरांड्यात खाटेवर पडून होतास. डाकेचा ट्रक त्या दिवसांत दोनदा दारावरून गेला. पहिल्या वेळी तू खरोखर आजारी होतास. दुसऱ्या वेळी तू सकाळी चार अंडी खाल्ली होतीस, आणि ट्रक दिसल्यावर म्हणालास, अजून जरा गुडगुडतंय. मग अ‍ॅडलेडच्या गाडीत बसून घरी गेलास.

मी हे कुणाला बोलले नाही, आणि आपण होऊन बोलणारही नाही. पण कुणी सरळ विचारलं तर खोटं सांगणार नाही. या रस्त्यावरची सगळी माणसं माझ्याकडे थांबतात. खोटं बोलायचं तर कुणाला काय सांगितलं ते लिहून ठेवावं लागेल, आणि मला तेवढा वेळ नाही.

डल्सी


अ‍ॅडलेड
६ मार्च

प्रिय डल्सी,

मी बेरिल, मर्विनची बायको. आपण एकदाच भेटलो, आमच्या लग्नात. तुम्ही निळी हॅट घातली होती आणि माझ्या बडबड्या काकांना दोन वाक्यांत गप्प केलं होतं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे.

हे पत्र मर्विनला न सांगता लिहिते आहे. सोबत एक फोटो पाठवते. त्याची मोठी प्रत आमच्या बैठकीच्या खोलीत तेहतीस वर्षं लावलेली आहे. मर्विन वाळूच्या टेकडीवर उभा आहे, हात कमरेवर, नजर लांब. ही टेकडी रस्त्यावर नेमकी कुठे आहे, ते तुम्ही सांगू शकाल का? तिच्या पायथ्याशी गाडी उभी करून त्याला चकित करायचं माझ्या मनात आहे. तिथे बसून मी मटण भरलेल्या पास्टी गरम करीन, आणि तो मला सगळी हकीगत पुन्हा सांगेल.

हकीगत मला पाठ आहे म्हणा. आमच्या घरात बर्ड्सव्हिलच्या प्रवासावाचून पान हलत नाही. छत्री न्यावी का, बूट कुठले घ्यावे, डबा कसा बांधावा, सगळ्यावर मर्विन म्हणतो, अशा बाबतीत मला थोडा अनुभव आहे. गाडी चालवायचा परवाना माझ्याकडेही आहे, पण कच्च्या रस्त्यावर तोच चालवणार. ते ठीकच आहे.

मी नर्स आहे, अजून आठवड्यातून दोन दिवस जाते. पंचावन्न साली तुमच्याच बाजूच्या एका लहान दवाखान्यात मला जागा मिळत होती. मला फार जायचं होतं. मर्विन म्हणाला, तिकडे काय असतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तुला झेपायचं नाही. तेव्हा मी नकार कळवला. त्याचं बरोबरच असणार. पण डोळ्यांनी एकदा बघावं असं वाटतं.

तुमची
बेरिल


टू टँक्स
२१ मार्च

मर्विन,

तुझ्या बायकोने तुला चकित करायचं ठरवलंय आणि मी तिचा बेत फोडते आहे, त्याबद्दल मला वाईट वाटतं. तिने मला फोटो पाठवून विचारलंय की ही टेकडी कुठे आहे.

तो फोटो मी काढला होता. ती टेकडी म्हणजे मारी स्टेशनच्या मागे इंजिनांसाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग. तू त्यावर चढलास आणि मला सांगितलंस, खाली बसून काढ म्हणजे उंच दिसेल. उजव्या कोपऱ्यात आईच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर आलंय. तेहतीस वर्षं ते भिंतीवर आहे आणि कुणी विचारलं नाही, याचं मला नवल वाटतं.

फोटोचं मी हसण्यावारी नेलं असतं. पण तिने त्या दवाखान्यातल्या जागेबद्दलही लिहिलंय. तू तिला असं म्हणाला होतास का? व्हरांड्यातून काय दिसलं तुला, मर्विन? गुडघ्याएवढं सुद्धा झाड नव्हतं समोर, आईचं धुणं वाळत होतं.

तिला तू सांग. पंचवीस एप्रिलच्या शुक्रवारपर्यंत थांबते. त्यानंतर तिच्या पत्राला उत्तर देईन.

डल्सी


अ‍ॅडलेड
१४ एप्रिल

प्रिय डल्सी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझी भावना मला समजते. मात्र घाई करू नये असं सुचवावंसं वाटतं.

एक मार्ग असा. तुमच्या बाजूला टेकड्या पुष्कळ आहेत. त्यांतली एखादी बऱ्या आकाराची, रस्त्यापासून फार लांब नसलेली, तू बेरिलला कळवावीस. फोटोशी ती तंतोतंत जुळली नाही तरी चालेल. वाऱ्याने टेकड्या सरकतात आणि त्यांचा आकार बदलतो, ही भूगोलात मान्य झालेली गोष्ट आहे. हे मी शास्त्र म्हणून सांगतो आहे.

शिवाय प्रवास पुढच्या वर्षावर जाण्याची शक्यता आहे. तयारी पुरेशी वाटत नाही. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही घराच्या अंगणातच गाडी उभी करून दोन दिवस राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दूध संपलं. बेरिल म्हणाली, घरातून घेऊन येते. मी म्हणालो, वाळवंटात घर नसतं. आम्ही कोरा चहा प्यायलो. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, भांडण झालं असेल तर आमच्याकडे या.

त्या दवाखान्याबद्दल म्हणशील, तर तेव्हा मला तिची खरोखर काळजी वाटत होती. आणि तिच्याबरोबर मलाही जावं लागलं असतं. तिथे लोक मला काहीबाही विचारणार, मी आधी येऊन गेलो ना, म्हणून. हे वाक्य लिहावं की खोडावं, कळत नाही. राहू देतो.

वेळ काढून सांगेन. या महिन्यात शेडचं छप्पर करायचं आहे.

मर्विन


टू टँक्स
२५ एप्रिल

प्रिय बेरिल,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. फोटो मी ओळखला. मीच काढलेला आहे. टेकडीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण ते सांगायचं काम माझं नाही. तुमच्या नवऱ्याला विचारा. त्याने नीट सांगितलं नाही तर पुन्हा विचारा.

तुम्ही इकडे या. दोघं या, नाहीतर एकट्या या. खोली आहे.

डल्सी


अ‍ॅडलेड
११ मे

डल्सी,

बेरिल गेली. गाडी घेऊन गेली. तुझ्याकडे पोचली तर तिला थांबवून ठेव.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तिने ते जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि माझं वाचून होईपर्यंत वाट बघितली. मग विचारलं. मी सांगितलं. सगळं एकदम सांगायचं म्हणून तोंड उघडलं, पण ते तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. ती म्हणाली, नेमका कुठपर्यंत गेला होतास? मी म्हणालो, मारीपर्यंत. मारीत कुठपर्यंत? मी म्हणालो, व्हरांड्यापर्यंत.

इथपर्यंत तिला हसू येईल असं वाटत होतं. आलंही असावं, कारण तिने चष्मा काढून पुसला. मग तिने चष्मा घातला आणि बर्ड्सव्हिलचं नाव पुन्हा काढलं नाही. तिने पंचावन्न सालचं विचारलं.

"म्हणजे मला झेपणार नाही म्हणालास तेव्हा तू तिकडचं काहीच पाहिलेलं नव्हतंस?"

मी नाही म्हणालो.

ती उठली, भांडी घासली, आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी अगदी नीट वागली. तसं ती कधी वागत नाही. मला भीती वाटायला लागली. परवा शुक्रवारी मी टायरमधली हवा मोजायचं यंत्र बदलून आणायला गेलो. परत आलो तर अंगणात गाडी नाही. गाडी उभी असायची तिथे माझ्या सामानाच्या याद्यांचं खोकं होतं, त्यावर वीट ठेवलेली आणि विटेखाली चिठ्ठी. "बर्ड्सव्हिलला जाते. यादीतलं लागेल तेवढं घेतलंय. बाकीचं घरात आहे. फ्रीजमध्ये मटण आहे."

तिने कच्च्या रस्त्यावर गाडी कधी चालवलेली नाही. मी चालवू दिली नाही. खोकं उघडून बघितलं तर तिने चारशे वस्तूंपैकी एकतीसवर खुणा केल्या होत्या. मी दोन दिवस त्या एकतीस वस्तू वाचतोय. तिचं बरोबर आहे. एवढंच लागतं.

काही कळलं की कळव.

मर्विन


टू टँक्स
२३ मे

मर्विन,

गेल्या शनिवारी धावपट्टीवर चिखल होता, विमान उतरलं नाही. त्यामुळे तू पत्र पाठवलं असशील तर ते अजून आलेलं नाही. पण फोन रेडिओला जोडून घेऊन तू जे बोललास त्यात सगळं आलं असावं. तुला कुणी सांगितलं नसेल तर सांगते, या रेडिओवर जे बोलतो ते मारीपासून बर्ड्सव्हिलपर्यंत प्रत्येक फार्मवर ऐकू येतं. कामधंदा थांबवून ऐकलं सगळ्यांनी. तू म्हणालास, "बेरिल, मला माफ कर. ओव्हर." ती म्हणाली, "चाक काढलंय, हात ग्रीसचे आहेत, नंतर बघू. ओव्हर." त्यानंतर कुणी तरी बाई मध्येच घुसली आणि तिने विचारलं, पण ते गृहस्थ एकोणपन्नास साली नेमके होते कुठे? ती आमच्या उत्तरेकडच्या फार्मवरची. आता तिला माहीत आहे. सगळ्यांनाच आहे.

बेरिल बारा तारखेला आली. वाटेत दोनदा चाक बदललं, तिने स्वतः. गाडी लावली, पडदे ओढून घेतले, आत येऊन म्हणाली, मी बेरिल, मला चहा पाहिजे आणि तुमच्या भावाबद्दल मला बोलायचं नाही. मग दोन तास तुझ्याबद्दल बोलली. सेस उठून गेला नाही, म्हणजे ऐकण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि रस्ता बंद झाला. ती इथेच अडकली. सेसने तिला वाळूत अडकलेली गाडी कशी काढायची ते शिकवलं. ती आता माझ्यापेक्षा बरं टायर लावते.

एक गोष्ट तुला कळायला हवी. सोमवारी फार्मवरच्या एका गड्याचा हात कुंपणाच्या तारेने कोपरापर्यंत फाटला. घोड्यावरून आणला त्याला. डॉक्टरचं विमान उतरू शकत नव्हतं. बेरिलने रेडिओवर डॉक्टरशी बोलत बोलत, माझ्या जेवणाच्या टेबलावर, अकरा टाके घातले. तिचा हात एकदाही हलला नाही. मी नुसता दिवा धरला होता.

तो गेल्यावर ती मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले. ती रडत होती, पण आवाज न करता.

"मला झेपलं असतं, डल्सी," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मर्विन, आपण दोघंही यात आहोत. तू खोटं बोललास आणि मी नाताळच्या कार्डावर तेहतीस वर्षं "दोघांना शुभेच्छा" लिहीत राहिले. तू तिला काय सांगत होतास ते मला ठाऊक नव्हतं, पण मी कधी विचारलंही नाही.

रस्ता वाळतोय. ती एक जूनला, रविवारी, बर्ड्सव्हिलला निघणार. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. एकतीसच्या शनिवारी डाकेच्या विमानात एक जागा आहे, मी धरून ठेवायला सांगितलंय. याद्या आणू नकोस. विमानात वजनाला मर्यादा आहे.

डल्सी


बर्ड्सव्हिल
९ जून

प्रिय डल्सी,

आम्ही पोचलो. रस्त्याला सहा दिवस लागले. रस्ता तेवढा वाईट नाही, पण मर्विनला दर चार किलोमीटरवर उतरायचं असायचं.

विमान लागून तो कसा उतरला ते तू पाहिलंसच. तोंडाला चव येईपर्यंत पहिला अर्धा दिवस गेला. डाव्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, मुलाखतीला आल्यासारखा. गिअर बदलताना मला काही सांगावं असं त्याच्या ओठांवर यायचं आणि तो खिडकीबाहेर बघायचा. मीही मदत केली नाही.

मग दुपारी एक लाल टेकडी आली. फोटोतल्यासारखी नाही, डोळ्यांत मावणार नाही अशी. तो म्हणाला, थांबवतेस का? वर चढला आणि तासभर खाली आला नाही. उन्हात चक्कर आली की काय म्हणून मी वर गेले. तो बसला होता. पलीकडे तशाच टेकड्या, एकामागे एक, जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत. तो म्हणाला, "चौतीस वर्षं मी मुलांना हे फार लहान करून शिकवलं."

तिथून पुढे त्याचं तोंड सुटलं. कुठला दगड कशाचा, नदी कुठून येते आणि कुठे जिरते, सगळं त्याला ठाऊक आहे, डल्सी, आणि जवळजवळ सगळं बरोबर आहे. पुस्तकांतून त्याने हा मुलूख इतका घोकलाय की इथल्या माणसालाही ते सांगता येणार नाही. मला त्याचाच जास्त राग आला. एवढं प्रेम होतं तर यायला काय झालं होतं? मी तसं विचारलं. तो म्हणाला, आधी भीती वाटली, मग खोटं सांगितल्यावर त्याहून जास्त वाटायला लागली. मी गाडी चालवत राहिले.

चौथ्या दिवशी वाळूत रुतलो. त्याने खाली उतरून कारण समजावून सांगितलं. मी सेसने शिकवल्याप्रमाणे चाकांतली हवा कमी केली आणि गाडी बाहेर काढली.

इथल्या हॉटेलात शिरलो तर बारमध्ये पंधरावीस माणसं होती आणि सगळी दाराकडे वळली. दाराजवळचा म्हातारा मर्विनकडे बघून म्हणाला, "एकोणपन्नासपासून वाट बघतोय तुमची." मला वाटलं आता हा बाहेर पळणार. पण त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "वाटेत जरा पोट बिघडलं होतं." पुढे त्याला बिअरचे पैसे द्यावे लागले नाहीत. त्याने व्हरांड्याची हकीगत चारदा सांगितली. चौथ्या वेळी तुझ्या आईच्या कोंबड्यांची संख्या वाढली होती, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने ती पुन्हा कमी केली.

आता खरी बातमी. इथल्या दवाखान्यातली नर्स सुट्टीवर जाते आहे आणि बदली बाई वेळेवर पोचत नाही. त्या गड्याच्या हाताची गोष्ट इथपर्यंत आलेली होती. त्यांनी मला सहा आठवडे राहता का विचारलं. मी हो म्हणाले, आणि मग परत गाडीत येऊन मर्विनला सांगितलं.  तो म्हणाला, मी काय करू? मी म्हणाले, स्वयंपाक. बटाटे आणायला गेला आणि बटाटे घेऊन आला, म्हणजे सुरुवात बरी आहे.

माफ मी त्याला अजून केलेलं नाही. त्यालाही तसं सांगितलंय. तो म्हणाला, किती दिवस लागतील? मी म्हणाले, यादी करू नकोस.

तू जुलैत इकडे ये. सेसलाही आण, बोलला नाही तरी चालेल.

तुझी
बेरिल

शेवटी दोन ओळी मर्विनला लिहायच्या आहेत म्हणे. जागा सोडली आहे.

डल्सी, इथला वारा दुपारी तीनला सुरू होतो आणि साडेपाचच्या सुमारास एकदम पडतो. रोज. हे मला माहीत नव्हतं. मर्विन.